सोलापूरच्या काळ्या रानात करडईचा केशरी बहर

फुललेली शेते पाहण्यासाठी मुद्दाम प्रवास करण्याची आवड शहरी मराठी माणसात आता चांगलीच रुजली आहे. पावसाळा सरता सरता साताऱ्याच्या कास पठारावर गर्दी लोटते. जून-जुलैमध्ये फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतातील लॅव्हेंडरची जांभळी शेते पाहण्यासाठी सहली निघतात. गेल्या काही वर्षांत जम्मूतील डोडा जिल्ह्यातील भदरवाह हे गावही लॅव्हेंडरमुळे पर्यटकांच्या नकाशावर आले आहे. या यादीत सोलापूरचे नाव मात्र सहसा घेतले जात नाही. सोलापूर म्हटले की रणरणते ऊन, दुष्काळ, चादरी आणि शेंगाचटणी एवढेच डोळ्यांसमोर येते.

लॅव्हेंडरला थंड हवा मानवते; सोलापूरच्या उन्हात आणि चिकण काळ्या मातीत त्याचा निभाव लागणे कठीण. परंतु डिसेंबरअखेरीपासून जानेवारीअखेरीपर्यंत याच काळ्या मातीत करडई फुलते. पिवळा, केशरी आणि विटकरी अशा तीन रंगांच्या छटा एकाच शेतात एकाच वेळी दिसतात. हिरव्या-पांढुरक्या ज्वारीच्या विस्तीर्ण रानात मध्येच उजळलेला हा पट्टा रस्त्यावरून जाणाऱ्याचे लक्ष वेधून घेतो. ही शोभा कोणी पर्यटकांसाठी उभारलेली नाही. ती तेलबियांच्या शेतीतून आपोआप निर्माण होते आणि ती शेती झपाट्याने आटत चालली आहे. म्हणूनच हा बहर पाहताना त्यामागचे पीकही समजून घेणे अगत्याचे ठरते.

काटेरी झाडाचे फूल

करडई ही सूर्यफूल आणि झेंडूच्याच कुळातील वनस्पती. झाड साधारण कमरेइतके वाढते. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक बोंड येते आणि त्या बोंडातून बारीक नळीसारख्या असंख्य फुलांचा झुबका बाहेर पडतो. उमलताना फुले पिवळी असतात. पुढे ती केशरी होतात आणि सुकताना तांबूस विटकरी रंग धारण करतात. सारी बोंडे एकाच दिवशी उमलत नसल्याने एका शेतात तिन्ही रंग सोबत नांदताना दिसतात. एका शेतातील बहर साधारणतः तीन ते चार आठवडे टिकतो. सकाळच्या वेळी त्यावर मधमाश्यांची मोठी वर्दळ असते.

पाने आणि बोंडाभोवतीची पाती मात्र काटेरी असतात. या काट्यांमुळेच पूर्वी ज्वारी किंवा गव्हाच्या शेताभोवती करडईच्या दोन-चार ओळी पेरण्याची रीत होती. मोकाट जनावरे त्या कुंपणाकडे फिरकत नसत. एकाच पेरणीत कुंपणही होई आणि घरच्या वर्षभराच्या तेलाची सोयही होई. हरभऱ्यात किंवा ज्वारीत आंतरपीक म्हणून करडईच्या ओळी घेण्याची पद्धतही जुनीच आहे.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. खरीप हंगामात काळ्या जमिनी तशाच मोकळ्या ठेवून, परतीच्या पावसाची ओल मुरल्यावर रब्बीची पेरणी करायची, ही येथील शेतीची जुनी घडी आहे. करडई त्या घडीत नेमकी बसते. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा तिच्या पेरणीचा काळ. हेक्टरी अवघे दहा किलो बियाणे पुरते. उगवणीनंतर विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपे भाजीसाठी घरी येतात. लसणाची फोडणी दिलेली करडईची भाजी आणि ज्वारीची भाकरी हे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील येथले ठरलेले जेवण. त्यानंतर पाऊस आला नाही तरी पीक तगते, कारण करडईचे सोटमूळ जमिनीत खोलवर जाऊन साठलेली ओल शोषते. वरची माती भेगाळलेली असताना शेत फुलांनी भरलेले दिसते, त्याचे रहस्य या मुळात आहे.

नेमके ठिकाण नाही

लॅव्हेंडरचे झुडूप एकदा लावले की अनेक वर्षे त्याच जागी फुलते. त्यामुळे प्रोव्हान्समधील वालान्सोलचे पठार किंवा जपानमधील फुरानो अशी ठिकाणे कायमची ठरून गेली आहेत. करडईचे तसे नाही. हे हंगामी पीक आहे आणि शेतकरी त्याची जागा फेरपालटाने बदलतो. यंदा फुललेल्या शेतात पुढच्या वर्षी हरभरा किंवा ज्वारी असू शकते. सप्टेंबरचा पाऊस कसा झाला, बाजारात भाव काय होता, घरात मनुष्यबळ किती आहे, यावर दर वर्षी करडई पेरायची की नाही हे ठरते. त्यामुळे अमुक गावी, अमुक बांधावर जावे असे छातीठोक सांगता येत नाही. रस्ता धरावा आणि शिवारावर नजर ठेवत जावे, हाच मार्ग.

त्या दृष्टीने सोलापूर ते मंगळवेढा हा सुमारे ५५ किलोमीटरचा टप्पा सोयीचा आहे. हा रस्ता पुढे सांगोलामार्गे सांगलीकडे जातो. सोलापूर सोडल्यानंतर तिऱ्हे गावाजवळ सीना नदी ओलांडावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच सीनेला आलेल्या महापुराने जिल्ह्यातील नदीकाठच्या शेतीची मोठी हानी केली. अवर्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात पाणी कसे थैमान घालू शकते, याचा तो कटू अनुभव होता. पुढे कामती आणि त्यानंतर भीमेच्या काठावरील बेगमपूर लागते. नदीच्या दोन्ही तीरांवर, पाणी पोहोचते तेथवर ऊस दिसतो. पाणी संपते तेथे ज्वारी, हरभरा आणि करडईचे राज्य सुरू होते. ही सीमारेषा गाडीच्या खिडकीतूनही सहज ओळखता येते.

भीमेपलीकडे माचणूर आहे. नदीकाठचे सिद्धेश्वराचे मंदिर, पाण्यापर्यंत उतरलेल्या पायऱ्या आणि शेजारी औरंगजेबाच्या काळातील किल्ल्याचे अवशेष असा हा शांत परिसर आहे. १६९५ ते १६९९ या काळात मोगल बादशहाची छावणी येथेच, ब्रह्मपुरी भागात होती. रस्त्यावरील प्रवासात तासभर थांबण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

माचणूरनंतर मंगळवेढ्याचे सुप्रसिद्ध काळे रान सुरू होते. क्षितिजापर्यंत पसरलेली सपाट, जवळजवळ वृक्षहीन जमीन आणि तिच्यावर डुलणारी ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पंधराव्या शतकातील दुष्काळात सरकारी धान्यकोठारे लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. संत चोखामेळा यांचा मृत्यूही १३३८ साली येथेच, गावकुसाचे बांधकाम कोसळून झाला. ज्वारीच्या या सागरात करडईची शेते बेटांसारखी विखुरलेली असतात. महामार्ग आता चौपदरी झाल्याने भरधाव वाहनातून ती नजरेतून निसटतात. गावांकडे वळणाऱ्या आतल्या रस्त्यांवर सावकाश गेल्यास ती अधिक सापडतात. मंगळवेढ्याहून पंढरपूर सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तेथून मोहोळमार्गे सोलापूरला परतल्यास एका दिवसात भीमा आणि सीना या दोन्ही खोऱ्यांचे दर्शन घडते.

रान पाहण्याचा जुना रिवाज

शेत पाहायला जाणे ही या भागाला शहरवासीयांनी दिलेली कल्पना नव्हे. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या सोलापूरच्या काही भागांत सारी कुटुंबे रानात जातात. गावे त्या दिवशी ओस पडतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तीत पूजा मांडली जाते. हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. शहरात नोकरीला असलेले नातलग या दिवसासाठी गावी येतात आणि ओळखीपाळखीच्यांनाही आग्रहाने जेवायला बोलावले जाते. मराठवाड्यात ‘येळवस’ या नावाने ओळखला जाणारा हा सण डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, म्हणजे करडई फुलण्याच्या तोंडावरच येतो.

याच सुमारास ज्वारीच्या कणसात दाणा भरतो आणि हुरड्याचा हंगाम सुरू होतो. पाठोपाठ मकरसंक्रांतीच्या वेळी सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. उंच नंदीध्वजांची मिरवणूक आणि तलावाकाठचा अक्षता सोहळा पाहण्यासाठी लाखोंचा समुदाय लोटतो. यात्रा, हुरडा आणि करडईचा बहर असा तिहेरी योग जानेवारीच्या मध्यास साधता येतो.

रंगाकडून तेलाकडे

करडईची लागवड मुळात रंगासाठी झाली. संस्कृतातील ‘कुसुंभ’ म्हणजे करडई आणि मराठीतील ‘कुसुंबी’ रंग त्यावरूनच आला. इजिप्तमधील ममींवर वाहिलेल्या माळांतही करडईची फुले आढळली आहेत. फुलांत दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे द्रव्य पाण्यात विरघळते. ते धुऊन काढल्यावर उरणारे तांबडे द्रव्य क्षाराच्या पाण्यात उतरवून, त्यात आंबट पदार्थ घालून कापडावर चढवले जाते. हा तांबडा रंग देखणा, पण नाजूक. ऊन आणि धुणे यांपुढे तो फार काळ टिकत नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला यशस्वी कृत्रिम रंग तयार झाला आणि पुढील काही दशकांत कुसुंबी रंगाचा व्यापार जगभर बसला.

भारतात करडई टिकली ती तेलामुळे. बियांत साधारणपणे ३० टक्क्यांच्या आसपास तेल असते आणि त्यात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आढळते. हृदयाच्या आरोग्यासाठी या तेलाचा पुरस्कार होऊ लागल्यानंतर शहरांतही त्याला मागणी आली. दख्खनच्या खेड्यांत मात्र बैलघाण्यावर काढलेले करडीचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते.

या पिकाच्या संशोधनात सोलापूरचे स्थान महत्त्वाचे आहे. येथे १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला आरंभ झाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आज सोलापुरात करडई संशोधनाचे केंद्र आहे. ‘भीमा’, ‘फुले कुसुमा’ यांसारखे या विद्यापीठाचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही करडईवर काम केले आहे. साताऱ्यातील फलटण येथे बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण आणि संकरित वाण तयार केले. वाळलेल्या पाकळ्या शोषून गोळा करणारे, पाठीवर अडकवायचे यंत्रही तेथेच विकसित झाले.

बहर का विरळ झाला?

इतके संशोधन होऊनही क्षेत्र घटतच गेले. १९८० च्या दशकात देशात करडईखाली नऊ-दहा लाख हेक्टरच्या घरात क्षेत्र होते आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. २०२० च्या सुमारास हा आकडा देशभरात एक लाख हेक्टरच्याही खाली आला. म्हणजे पूर्वी दहा शेते फुलत असतील, तेथे आता जेमतेम एक फुलते.

कारणे अनेक आहेत. पहिले कारण काट्यांचे. काढणीच्या वेळी पीक वाळून कडक झालेले असते. काटे नरम असावेत म्हणून पहाटे, हवेत दमटपणा असतानाच काढणी उरकावी लागते; हातापायांना फडकी गुंडाळावी लागतात. मजुरांची टंचाई वाढली तसे हे काम करायला माणसे मिळेनाशी झाली. आता कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राने करडई काढता येते. परंतु ते यंत्र वेळेवर उपलब्ध होणे आणि लहान शेतात आणणे परवडणे, या अडचणी उरतातच.

दुसरे कारण पाण्याचे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर जिल्ह्यातील मोठ्या क्षेत्राला पाणी मिळाले आणि कोरडवाहू पिकांच्या जागी ऊस आला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. जेथे पाणी पोहोचले नाही, तेथे काढणीला सोपा आणि बाजारात हमखास खपणारा हरभरा करडईची जागा घेऊ लागला. उशिरा पेरलेल्या करडईवर काळ्या माव्याचा प्रादुर्भाव वाढतो, हाही धोका शेतकरी विचारात घेतो.

तिसरे कारण बाजाराचे. देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयातीतून भागवला जातो आणि त्यात स्वस्त पामतेलाचा वाटा मोठा आहे. शहरातील ग्राहक तेलाच्या भावाकडे पाहतो; त्या स्पर्धेत कोरडवाहू शेतातील करडईला टिकाव धरणे अवघड जाते. आवक घटली की व्यापारी आणि घाणे कमी होतात आणि ते कमी झाले की उरलेला शेतकरीही पीक सोडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ६०० रुपयांनी वाढवून ६,५४० रुपये केला. त्या वेळी जाहीर झालेल्या रब्बी पिकांतील ही सर्वांत मोठी वाढ होती. शेतकऱ्याला पुन्हा पेरणीकडे वळवण्यास ती पुरेशी ठरते का, हे पुढील काही हंगामांत दिसून येईल.

भदरवाह आणि यामागाता

फुलांच्या शेतांमुळे गावाचे दिवस पालटू शकतात, याची उदाहरणे आहेत. मात्र तेथे आधी फुलाला मोल आले आणि मागाहून पर्यटक आले. भदरवाहमध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या जम्मू येथील संस्थेने शेतकऱ्यांना लॅव्हेंडरची रोपे आणि तेल काढण्याचे तंत्र दिले. मक्याच्या तुलनेत अधिक पैसा देणारे पीक म्हणून ते रुजले. तेथे लॅव्हेंडर महोत्सव सुरू झाला तो २०२२ मध्ये.

करडईचे उदाहरण तर जपानमध्येच सापडते. यामागाता प्रांतात करडईला ‘बेनिबाना’ म्हणतात आणि ते या प्रांताचे अधिकृत फूल आहे. मोगामी नदीच्या खोऱ्यातील पाकळ्यांपासून बनणारा लाल रंग पूर्वी क्योतोकडे जाई आणि तेथे ओठरंगासाठी व रेशमी वस्त्रांसाठी वापरला जाई. कृत्रिम रंग आल्यावर तेथील शेतीही जवळजवळ संपली होती. पुढे स्थानिकांनी ती मर्यादित प्रमाणात पुन्हा जोपासली. पारंपरिक रंगकाम, खाद्यपदार्थ आणि जुलैमधील फुलांचा उत्सव यांवर ती उभी राहिली. १९९१ मध्ये प्रदर्शित झालेला इसाओ ताकाहाता यांचा ‘ओमोइदे पोरोपोरो’ हा चलचित्रपट याच करडईच्या शेतात घडतो. तोक्योत नोकरी करणारी तरुणी सुटीत पाकळ्या खुडण्यासाठी यामागाताला येते, अशी त्याची कथा आहे.

सोलापूरच्या करडईत पाकळ्या आणि बिया या दोन्हींचे उत्पन्न देण्याची क्षमता आहे. फुले सुकू लागल्यावर पाकळ्या काढल्या तरी बियांचे उत्पादन घटत नाही. पाकळ्यांचा काढा चहासारखा घेतला जातो आणि खाद्यपदार्थांच्या नैसर्गिक रंगासाठीही त्या उपयोगी पडतात. केशरात भेसळीसाठी होणारा त्यांचा वापर मात्र जुना आणि बदनाम आहे. बिनकाट्याचे वाण, पाकळ्यांची खरेदी आणि गावातला घाणा या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर हे पीक पुन्हा परवडण्याजोगे होऊ शकते.

प्रवाशांसाठी

सोलापूर रेल्वेने मुंबई आणि पुण्याशी उत्तम जोडलेले आहे. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापुरात पोहोचते. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडीही सुरू झाली. पुण्याहून रस्त्याने अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. फुले पाहण्यास जानेवारीचा पहिला पंधरवडा सर्वांत योग्य. फेब्रुवारीत शेते वाळू लागतात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर निघावे. मधल्या वेळेत उन्हाच्या तिरिपीने रंग फिके भासतात.

शेत ही खासगी मालमत्ता आहे, याचे भान ठेवावे. मालकाची परवानगी घेऊनच बांधावर जावे आणि पिकात शिरू नये. झाड मोडले तर बोंडांचे नुकसान होते आणि काट्यांनी कपडे व हातपाय ओरबाडतात. पायात पूर्ण बंद बूट असावेत. शेतावर मधमाश्या असल्याने सुगंधी द्रव्ये लावून जाणे टाळावे. रानात पाणी आणि सावली मिळेलच असे नाही. दोन्हींची तजवीज सोबत असावी.

परतताना ज्वारी, शेंगाचटणी यांच्या बरोबरीने घाण्यावर काढलेले करडईचे तेल मिळाल्यास अवश्य घ्यावे. ते पामतेलापेक्षा महाग पडते, हे खरे. परंतु पुढच्या सप्टेंबरमध्ये ओल झाल्यावर पाभरीत हरभरा भरायचा की करडई, याचा निर्णय त्याच पैशांच्या हिशेबावर होणार असतो.